गुलामांचा इतिहास, मालकांची दप्तरे

अटलांटिक गुलामगिरीवर संशोधन करणाऱ्या एका इतिहासकार बाईंच्या व्याख्यानाला नुकताच विद्यापीठात गेलो होतो. साखळदंड आणि फटक्यांची वर्णने ऐकण्याची मनाची तयारी केली होती. प्रत्यक्षात बराचसा वेळ हिशेबाच्या कागदांवर गेला, आणि व्याख्यानाचे बळ मला त्यातच वाटले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांवर चढवलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी फारच थोड्यांची स्वतःची कैफियत लेखी उरली आहे. बाकीच्यांविषयी जे काही कळते, ते त्यांना विकणाऱ्या, विकत घेणाऱ्या आणि त्यांचा विमा उतरवणाऱ्या लोकांच्या दप्तरांतून.

विम्याचा उल्लेख आला तो 'झाँग' जहाजाच्या निमित्ताने. १७८१च्या अखेरीस जमैका या ब्रिटिश वसाहतीकडे निघालेल्या या जहाजावरून, पिण्याचे पाणी पुरणार नाही असे कारण सांगून, सुमारे १३० आफ्रिकी माणसे जिवंतपणी समुद्रात फेकण्यात आली. लिव्हरपूलच्या मालकांनी दरडोई ३० पौंडांप्रमाणे भरपाई मागितली. १७८३मध्ये प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले, ते खून म्हणून नव्हे, तर विम्याचा दावा म्हणून. ज्यूरीने आधी मालकांच्या बाजूने कौल दिला. पुढे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यासमोरील सुनावणीत, माणसे फेकणे चालू असतानाच पाऊस पडला होता, ही बाब पुढे आली आणि फेरसुनावणीचा आदेश निघाला. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे ग्रॅनव्हिल शार्प यांनी खुनाचा खटला भरला जावा म्हणून बरीच खटपट केली. तो कधीच उभा राहिला नाही.

यानंतर बाईंनी पडद्यावर मळ्यांवरील गुलामांच्या नोंदवहीचे एक पान दाखवले. जमैकात १८१७पासून मालकांना अशा याद्या सरकारात दाखल कराव्या लागत आणि दर तीन वर्षांनी त्यांतील 'वाढ' आणि 'घट' कळवावी लागे. जन्मलेले मूल वाढीत, मेलेली आई घटीत, आणि दुसऱ्या मळ्याला विकलेला माणूसही घटीतच. गुरांची मोजदाद यापेक्षा फारशी वेगळी नसावी. तरीही त्याच रकान्यांतून बाई माणसांपर्यंत पोहोचतात. मुलाच्या नावापुढे बहुधा आईचे नाव असते, बापाचे जवळपास नसतेच. त्या एका धाग्यावरून, लागोपाठच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून, कोणत्या बाईची किती मुले जगली आणि कोणती तिच्यापासून तोडली गेली, हे त्या जुळवत नेतात. हे काम अतिशय चिकाटीचे आहे आणि त्यातून हाती लागणारे अपुरेच राहते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

सभागृहात खरी चुळबुळ झाली ती नुकसानभरपाईच्या भागाला. ब्रिटिश संसदेने १८३३मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच कायद्याने २ कोटी पौंड मंजूर झाले, आणि ते गुलामांना नव्हे, मालकांना. सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या मानाने ही रक्कम साधारण ४० टक्के होती. दावेदारांत बडे मळेवाले होते, तसेच पाद्री आणि एखाद-दुसऱ्या गुलामाच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या विधवाही होत्या. यासाठी काढलेल्या कर्जाचा अखेरचा अंश २०१५मध्ये फिटला. मुक्त झालेल्यांना एक पेनीही मिळाली नाही. उलट त्यांतील बहुतेकांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८पर्यंत जुन्याच मालकांकडे बिनपगारी राबावे लागले. हा तपशील ऐकल्यावर त्या कायद्याचे नेहमीचे गुणगान माझ्या तरी गळी उतरणे कठीण आहे.

एकच तक्रार नोंदवतो. हैतीला, म्हणजे कॅरिबियनमधील फ्रान्सच्या एकेकाळच्या वसाहतीला, बाईंनी दोन-चार वाक्यांत उरकले, तेही श्रोत्यांतून प्रश्न आला म्हणून. तेथील गुलामांनी १७९१मध्ये बंड करून १८०४मध्ये स्वतंत्र राज्य उभे केले. १८२५मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडून माजी मळेवाल्यांसाठी १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. १८३८मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आणली गेली. पहिला हप्ता भरण्यासाठी हैतीला फ्रेंच सावकारांकडूनच कर्ज काढावे लागले. ब्रिटनमध्ये मालकांची भरपाई निदान सरकारी तिजोरीतून झाली होती; येथे ती गुलामांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी स्वतः भरली. मालकांच्या दप्तरांवर बेतलेल्या व्याख्यानात या हिशेबाला आणखी अर्धा तास सहज देता आला असता.