आपलाच माणूस हॉट झोनमध्ये पडला तर

हॅझमॅटच्या, म्हणजे घातक रसायनांच्या अपघाताच्या, ड्रिलमध्ये गळती बंद कशी करायची हे सगळे मन लावून शिकतात, पण आत हॉट झोनमध्ये, म्हणजे गळतीजवळच्या धोक्याच्या भागात, गेलेलाच कोसळला तर काय, हा विषय काढला की उत्तर ठरलेलं, 'बघू तेव्हा'. अहो तेव्हा काय बघणार? आपला माणूस पडलेला दिसला की डोकं चालत नाही, कोणीतरी साध्या युनिफॉर्मवरच आत घुसतो आणि एकाचे दोन होतात. म्हणून दोघं आत गेले की त्यांच्यासारखाच केमिकलपासून वाचवणारा सूट घातलेले दोघं बाहेर तयार पाहिजेत, आणि डेकॉन लाइन, म्हणजे अंगावरचं केमिकल धुऊन काढायची जागा, एंट्रीच्या आधी लागलेली पाहिजे, पाणी चालू करून बघितलेली.

बरं, पडायला केमिकलच लागतं असंही नाही. लेव्हल ए सूटमध्ये, म्हणजे पूर्ण हवाबंद सूटमध्ये, घाम वाळतच नाही, अंग तापत जातं, मग माणूस रेडिओवर काहीतरी असंबद्ध बोलायला लागतो. तिथेच त्याला बाहेर बोलवायचं, काम राहिलं तर राहिलं. आणि सिलिंडरमधली हवा मोजताना डेकॉनला लागणारा वेळही धरायचा, हे हमखास विसरतात.

पडलेला माणूस डेकॉनमध्ये उभा राहू शकत नाही, त्यामुळे नेहमीची पद्धत तिथे बाद. श्वास चालू आहे का, रक्त जातंय का, हे आधी. मग सूट समोरून कापायचा आणि आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढायचा, म्हणजे लागलेलं केमिकल त्याच्या कातडीला पुसलं जात नाही. तो श्वास घेत असेल आणि हवा शिल्लक असेल तर मास्क शेवटी. कोरडी पावडर असेल तर आधी झटकायची, मग भरपूर पाणी. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असेल तर धुतल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवंच, कारण सौम्य ॲसिड असलं तर दुखायला कित्येक तास जातात आणि तोवर ते आत खोल गेलेलं असतं.

यात कंटाळा केला की त्रास हॉस्पिटलपर्यंत जातो. १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हे जीवघेणं विष सोडलं तेव्हा पेशंट तसेच, त्याच कपड्यांत हॉस्पिटलात पोचले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टर-नर्सेसनाच डोळ्यांचा, श्वासाचा त्रास सुरू झाला. त्यामुळे ॲम्ब्युलन्स निघण्याआधी हॉस्पिटलला फोन, केमिकलचं नाव स्पेलिंगसकट, डेकॉन पूर्ण झालं की अर्धवट तेही.

आणि 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्याला लगेच घरी सोडू नका. फॉसजीन हा विषारी वायू हुंगलेला माणूस काही तास ठणठणीत दिसतो आणि मग फुफ्फुसात पाणी भरतं, म्हणून त्याला २४ तास डॉक्टरांच्या नजरेखालीच ठेवायचं, कितीही कुरकुर केली तरी.