व्यासपीठावरचा टेबलक्लॉथ

स्नेहसंमेलनं आणि मैदान यांच्या आठवणी या अंकात पुष्कळ येतील. गृहशास्त्राच्या तासाची खळ, म्हणजे कापड कडक करायचा स्टार्च, मात्र राहून जाईल, म्हणून ती इथे.

दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी थंड पाण्यात कालवायचं आणि एक लिटर उकळत्या पाण्यात ढवळत ओतायचं. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की वरून शिजतं, आत कच्चं राहतं आणि गुठळ्या होतात. दुधाळपणा जाऊन चकाकी येईपर्यंत शिजवायचं. कच्ची खळ इस्त्रीखाली पांढरे पापुद्रे सोडते. गाळणं कोणी चुकवलं, तर बाई ते पातेलं परत करायच्या, आणि बरोबरच होतं ते.

उभ्या घडीच्या नॅपकिनांना ही खळ तशीच. टेबलक्लॉथसाठी तेवढंच पाणी घालून पातळ करायची, नाहीतर टेबलाच्या कडेला कापड खाली पडत नाही, पुठ्ठ्यासारखं पसरून राहतं. कापड आधी स्वच्छ खळबळून घ्यावं. साबण उरला तर इस्त्रीने पिवळं पडतं. खळीत ते ओलंच बुडवायचं. कोरडं कापड जिथे आधी टेकेल तिथे जास्त पितं आणि चट्टे उमटतात. पांढऱ्याला नीळ द्यायची तर ती पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच.

वाळवताना किनारी ओढून सरळ कराव्यात. मग कोमट पाणी शिंपडून, घट्ट गुंडाळी करून तासभर टॉवेलात ठेवायची. खरं काम इथेच होतं. इस्त्रीच्या वजनावर विसंबणाऱ्यांच्या हाती सुरकुत्याच राहतात. कापड हाताला गार लागावं, पण ओलं नको. फार ओलं असलं की खळ इस्त्रीला चिकटून करपते आणि तो तपकिरी थर पुढच्या कापडावर उतरतो. तसं झालं तर इस्त्री गार करून, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. भरतकाम उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. नाहीतर टाके चपटे होतात. घडीवर इस्त्री दाबायची नाही, तिथला धागा लवकर तुटतो.

समारंभ संपला की खळ धुऊन काढावी आणि कापड पूर्ण वाळल्यावरच कपाटात ठेवावं. खळीचा कपडा पावसाळ्यात बुरशीला, एरवी झुरळांना आणि कसर या किडीला आवडतो.