वय ५७, आणि पहिली संधी!

आज दुपारी इस्त्री करता करता अमेरिकन गायिका मॅरियन अँडरसन यांची १९३९ ची कृष्णधवल चित्रफीत समोर आली आणि हातातलं काम तसंच राहिलं.

फिलाडेल्फियाच्या या बाई. युरोप गाजवून आलेल्या, तरी कृष्णवर्णीय म्हणून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने दार लावून घेतलं. सभागृहाची मालकी ज्या संस्थेकडे होती, तिचा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी राजीनामाच दिला. मग ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गाणं झालं. अंगात फरचा कोट, पुढ्यात मायक्रोफोनची गर्दी, समोर सुमारे ७५ हजार माणसं. बाई डोळे मिटून गातात. चेहऱ्यावर ना राग, ना आव. आवाज मात्र असा खर्जातला, भरदार, की मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधूनही अंगावर काटा आला.

खरी चीड आली ती पुढचं वाचून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने (ऑपेरा म्हणजे गाण्यांतून रंगणारं नाटक) त्यांना रंगमंचावर घेतलं थेट ७ जानेवारी १९५५ ला, वयाच्या ५७व्या वर्षी! इटालियन संगीतकार व्हर्दीच्या ऑपेरातली उल्रिका ही भविष्य सांगणारी बाई, भूमिका छोटीशी. मान मिळाला, टाळ्या पडल्या, सगळं खरं. पण गळ्याची ऐन उमेदीची वर्षं कोण भरून देणार?

सहाच वर्षांनी मिसिसिपीची कृष्णवर्णीय गायिका लिओंटिन प्राइस त्याच रंगमंचावर आली, व्हर्दीच्याच ‘इल त्रोव्हातोरे’ या ऑपेराची नायिका म्हणून, तेही ३३व्या वर्षी. टाळ्या चाळीसेक मिनिटं थांबेनात म्हणतात! तिच्या ‘आयडा’ या ऑपेराचं चांगलं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर पाठवा रे.