एक्केचाळीस दिवस कायले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे विचारणारे तुम्ही पहिले नाही. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे सगळे विचारून थकले. शेजारचा पोरगा तर महिन्यातून एकदा हमखास विचारतो, "काकाजी, टूरवाले सहा दिवसांत अख्खा व्हिएतनाम दाखवून आणतात. तुम्ही दोघं एक्केचाळीस दिवस काय करून राहिले होते तिकडे?"

बसून राहिलो होतो. खरं उत्तर एवढंच आहे.

मी रेल्वेत ३४ वर्षं गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण नागपुरात, अजनीत मला अजून 'गार्डसाहेब'च म्हणतात. इटारसी नाहीतर बल्लारशा, जायचं कुठेही असो, माझी जागा शेवटच्या डब्यात. धाराखोहचा घाट मी किती वेळा चढलो याचा हिशेब नाही, पण तो पाहिला असा कधी नाही. लक्ष गाडीकडे, सिग्नलकडे, घड्याळाकडे. निवृत्त झाल्यावर मनात एकच होतं, की कुठल्या तरी लांबच्या गाडीत खिडकीशी बसायचं आणि ती लेट झाली तर आपल्याला कोणी जाब विचारायचा नाही.

हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा मार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. फ्रेंचांच्या काळात, १९३६ साली तो पूर्ण झाला. पुढे व्हिएतनामच्या उत्तर-दक्षिण फाळणीत आणि युद्धात तुटला आणि १९७६ सरता सरता पुन्हा जोडला. मीटरगेज, तोही एकेरी. म्हणजे क्रॉसिंग आलंच. समोरची गाडी येईपर्यंत आपली गाडी उभी. बाकीचे प्रवासी कंटाळायचे, मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटायचं. (रिटायर्डचा पास तिथे चालत नाही, तिकीट काढावं लागतं. सगळ्या सफरीत मला जड गेलं असेल तर ते हेच.)

आम्ही गेलो २०२४ च्या फेब्रुवारीत. गीतांजलीने कोलकाता, तिथून विमानाने हनोई. त्यांचं नवं वर्ष, तेट, नुकतंच होऊन गेलं होतं. सौभाग्यवती माळकरी, त्यामुळे अर्धी बॅग चिवड्याची. जेवणाची धास्ती मला तिच्याहून जास्त होती, कारण ऐकून मीच घेणार होतो.

२४ तारखेला सकाळी झिमझिम पाऊस. फूटपाथवर एक बाई मोठ्या पातेल्याशी बसलेली, भोवती प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं, आपल्याकडे न्हाणीघरात असतात तेवढीच. आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मी दोन बोटं दाखवून म्हटलं, "चाय." बाईचा चेहरा खुलला. तिने दोन मोठे वाडगे आणून ठेवले. त्यात शेवया, टोफू, मशरूम आणि वरून हिरवा पाला. मी पुन्हा म्हटलं, "चाय, चाय." तिने आणखी टोफू घातला. सौ. म्हणाली, "आता गप बसा, नाही तर पातेलं उलटवेल ती."

संध्याकाळी हॉटेलातल्या मुलाने उलगडा केला. त्यांच्या भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी. चहाला ते 'चा' म्हणतात. आमची आजी काटोलकडची, तीही 'चा'च म्हणायची. शिवाय त्या दिवशी पौर्णिमा होती. अमावास्या संपली की येणारी प्रतिपदा आणि पौर्णिमा, या दोन तिथींना तिथले बरेच लोक मांस-मासळी खात नाहीत. नववर्षाची पहिली पौर्णिमा तर फार मोठी. म्हणजे आपली माघी पौर्णिमाच ती. मग काय, सौ. अख्खा देशभर प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्यासारखी "चाय, चाय" करत हिंडली आणि पोटभर जेवली. चिवडा मी संपवला.

हालाँग बे पाहिला. छान आहे. फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

ह्युए ते दा नांग हा टप्पा मात्र मी तीनदा केला. अंतर शंभर किलोमीटर, वेळ जवळपास तीन तास. मध्ये हाय वानचा घाट. गाडी डोंगराला धरून वळत जाते, खाली समुद्र. बस बोगद्यातून जाते, तिला यातलं काही दिसत नाही. दक्षिणेला जाताना डावी खिडकी धरायची. पहिल्या खेपेला मी बोललोच नाही. दुसऱ्या खेपेला सौभाग्यवतीला सांगितलं, तिकीट चुकून परतीचं निघालं. तिसऱ्या खेपेला तिनेच डावी खिडकी पकडली आणि मला सोडली नाही. एका फाटकावर गणवेशातली बाई गुंडाळलेली झेंडी धरून उभी होती. माझा हात आपोआप वर गेला. गार्डाची 'ऑलराइट'ची खूण. तिने पाहिलं की नाही, देव जाणे.

दा नांगहून आम्ही 'मी सन' नावाच्या ठिकाणी गेलो. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांची शिवमंदिरं, विटांची, सांध्यात चुना म्हणून दिसत नाही. भद्रवर्मन राजाने तिथे चौथ्या शतकात शिवलिंग स्थापलं. आपल्या रामटेकशेजारी नगरधनला वाकाटक होते, साधारण तोच काळ. १९६९ च्या बॉम्बहल्ल्यात तिथलं सर्वांत उंच देऊळ गेलं. खड्डे अजून आहेत, त्यात गवत उगवलंय. २०२० साली दुरुस्ती करताना आपल्याच पुरातत्त्व खात्याच्या लोकांना अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. सौ. एका पडक्या गाभाऱ्यापुढे बराच वेळ उभी होती. मग बाटलीतलं उरलेलं पाणी तिने पायरीवर हळूच ओतलं. पहारेकऱ्याने दुसरीकडे पाहिलं.

फसगतही सांगतो, नाही तर म्हणाल सगळं गोडच सांगतात. तिथला तीनशेच्या आसपास डाँग म्हणजे आपला एक रुपया. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. एका संध्याकाळी शहाळ्याचे वीस हजार द्यायचे होते, मी पाच लाख दिले. खोलीवर आल्यावर कळलं. सोळा-सतराशे रुपयांचं शहाळं. सौ. अजून पाहुण्यांना त्याची चव विचारायला लावते.

परवा तो शेजारचा पोरगा पुन्हा आला, तोच प्रश्न घेऊन. आम्ही तिथून कॉफीच्या दोन गाळण्या आणल्यात, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यावर ठेवायच्या. तळाला घट्ट गोड दूध, वरून कॉफी थेंब थेंब गळते. त्याच्यापुढे एक ठेवली.

"किती वेळ लागते हिला, काकाजी?"

"गळू दे."

त्याने मोबाइल काढला, परत ठेवला. झाकण उचलून पाहिलं. पुन्हा उचललं.

"झाकण लाव," सौ. आतून ओरडली, "थंडी होते ना बाप्पा."