आमची वाटचाल : तापणारा ट्रान्सफॉर्मर आणि मोजलेला गॅप

जळालेले ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देण्यापासून आमचं काम सुरू झालं. आज आयसोलेटेड पॉवर सप्लायचे (इनपुट आणि आउटपुट विजेने वेगळे ठेवणारे) छोटे फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) ट्रान्सफॉर्मर आम्हीच बनवतो. मधल्या काळात एक सवय मोडावी लागली : ट्रान्सफॉर्मर तापला की मोठा कोअर (वेढ्यांमधला चुंबकीय गाभा) घालायचा. आता आधी एवढंच ठरवतो, उष्णता कोअरमध्ये तयार होतेय की तांब्यात.

ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या पुश-पुलमध्ये (दोन स्विच आळीपाळीने चालणारा सप्लाय) लोड काढूनही तापत असेल तर दोष कोअरकडे. फ्लायबॅकमध्ये (कोअरमध्ये ऊर्जा साठवून मग सोडणारा सप्लाय) मात्र ही चाचणी फसवते. कमी लोडवर कंट्रोलर पल्स गाळतो आणि कोअर गार राहतो. तिथे पूर्ण लोडवर ऑसिलोस्कोपवर प्रायमरी (इनपुटकडच्या वेढ्यांचा) करंट बघायचा. रेषा सरळ चढली पाहिजे. शेवटी वर वळली तर कोअर सॅच्युरेट होतोय, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही.

उदाहरणार्थ, 52 चौ. मिमी क्षेत्रफळाचा कोअर, 60 वेढे, 600 मायक्रोहेन्री इंडक्टन्स, करंट लिमिट 1.2 अँपिअर. इंडक्टन्स गुणिले करंट, भागिले वेढे गुणिले क्षेत्रफळ : कोअरमधलं चुंबकीय क्षेत्र 0.23 टेस्ला, म्हणजे निवांत. पण गॅप (कोअरमध्ये घासून ठेवलेली बारीक फट) कमी घासला गेला आणि इंडक्टन्स 1000 वर गेला, तर तेवढ्याच करंटला 0.38 टेस्ला होतात. पॉवर फेराइट 100 अंशांना साधारण 0.39 वर सॅच्युरेट होतं. थंड असताना चालणारा सप्लाय तासाभराने मॉस्फेट (स्विच म्हणून चालणारा ट्रान्झिस्टर) उडवतो तो यामुळेच. म्हणून आमच्याकडे प्रत्येक नग एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणारं यंत्र) जातो. नमुना तपासून भागत नाही.

गॅप ठीक असेल तर सेकंडरीचा (आउटपुटकडच्या वेढ्यांचा) डायोड बघा. 1एन4007 दिसला की तो काढून यूएफ4007 लावायचा. पहिला 50 हर्ट्झसाठी आहे. 100 किलोहर्ट्झला तो वेळेत बंद होत नाही, उलटा करंट वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर विनाकारण भाजतो.

तांब्याचं तापमान इन्फ्रारेड गनने कळत नाही, ती टेपचं दाखवते. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून आम्ही फोर-वायरने (दोन तारांतून करंट, दुसऱ्या दोनांवर व्होल्टेज) रेझिस्टन्स घेतो. 25 अंशांना 0.50 ओहम आणि बंद करताच 0.62 म्हणजे आत सुमारे 87 अंश. त्याआधी मुख्य कपॅसिटर डिस्चार्ज केलाच पाहिजे. 100 किलोहर्ट्झला करंट तारेच्या वरच्या 0.2 मिमी थरातच राहतो, त्यामुळे एक जाड तार घेण्यापेक्षा बारीक तारा पिळून घेतलेल्या बऱ्या. प्रायमरी अर्धी खाली, अर्धी वर, मध्ये सेकंडरी. गॅपजवळची तार वेगळीच तापते. तिथे गॅपच्या दोन-तीन पट अंतर टेपने भरून घ्यावं.

दुरुस्तीला आलेल्या नगात टेप तपकिरी पडली असेल तर फक्त तार बदलून आम्ही तो परत देत नाही. संपूर्ण इन्सुलेशन नवं घालतो आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये 3000 व्होल्ट एक मिनिट देऊन मगच पॅक करतो.