आंब्याच्या फळ्या आणि उन्हाची भट्टी

आंब्याचं लाकूड आमच्याकडं खोकी आणि सेंट्रिंगच्या फळ्यांपुरतंच धरतात. ओलंच वापरायचं, मग ते वाकलं, चिरलं की नाव झाडाला ठेवायचं. मला हे कधी पटलं नाही. शेतातला जुना आंबा वादळात पडला, तेव्हा सॉ मिलमध्ये सव्वा इंची फळ्या पाडून घेतल्या आणि कोल्हापूरजवळच्या पाचगावात शेडमागं उन्हावर लाकूड वाळवायची भट्टी बांधायला काढली.

उघड्यावर वाळवायचं तर जाडीच्या इंचाला एक वर्ष, हा जुना हिशेब. पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात उन्हाळाभर सुकलेलं लाकूड पुन्हा ओल ओढतं. म्हणून दिवाळीनंतरचं ऊन गाठायचं ठरवलं. आपण साधारण १६.७ अंश अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडं, क्षितिजापासून ५० अंशांवर असतो. त्यामुळं छताचा उतार दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास. वर पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा कागद ताणला. इकडं पॉलिहाऊसवाले पुष्कळ, उरलेला तुकडा सहज मिळतो. कागदाखाली काळा रंग दिलेला पत्रा, भिंती प्लायच्या, उत्तरेकडच्या भिंतीत वर-खाली झडपा.

माल किती भरायचा याचं एक प्रमाण आहे: छताच्या एका चौरस फुटाला साधारण पाऊण ते एक घनफूट लाकूड. माझं छत ६० चौरस फूट, म्हणून ५० घनफुटांच्या आतच राहिलो. फळ्यांच्या टोकांना ऑइलपेंट लावला, कारण ओल टोकांतून सगळ्यात भरभर जाते आणि चिरा तिथूनच सुरू होतात. दोन थरांमध्ये पाऊण इंची कोरड्या पट्ट्या, सगळ्या एका ओळीत, आणि थप्पीवर दगडांचं वजन. थप्पीच्या वर आणि बाजूला ताडपत्री सोडली. ती नसली तर पंख्यांचा वारा मोकळ्या वाटेनं निघून जातो, फळ्यांमधून जात नाही.

पंखे थेट सोलर पॅनेलवर जोडले. ऊन असेल तेवढेच फिरतात, अंधार पडला की थांबतात. शेजारच्या सुतारमामांना हे खटकलं. "रातच्याला बंद ठेवतूस? मग वाळणार कवा?"

"मामा, रात्री लाकूड विसावा घेतं," मी म्हटलं.

या भट्टीचं खरं बळ तिथंच आहे, असं माझं ठाम मत आहे. दिवसा फळीची कातडी आतल्या गाभ्याआधी सुकते आणि ताण धरते. रात्री भट्टी गार होते, आतली हवा दमट होते, कातडी थोडी ओल परत घेते आणि ताण सैल पडतो. सकाळी कागदाला आतून थेंब लोंबत असायचे, आंबूस वास यायचा. मग झडपा उघडायच्या. आंब्याला सुरुवातीला मोकळा वारा लागतो, नाहीतर निळे डाग पडतात. बाभळीसारखं घट्ट लाकूड असतं तर झडपा जवळजवळ मिटूनच ठेवल्या असत्या.

ओल मोजायला एका फळीचा तुकडा कापून तोलला, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवला. गेलेलं पाणी भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. त्यावरून थप्पीतल्या नमुन्याच्या फळीचं कोरडं वजन काढलं आणि तिला काट्यावर ठेवत गेलो. ३० टक्क्यांपर्यंत घट भराभर झाली. त्याखाली लाकूड आक्रसायला लागतं, तेव्हा घाई करायची नाही. फर्निचरला १० ते १२ टक्के पुरे.

कीड हा आंब्याचा दुसरा शत्रू. भट्टीच्या उष्णतेवर भरवसा न ठेवता फळ्या ओल्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवल्या होत्या.

शेवटी एका फळीचा आडवा काप घेऊन त्याला काट्या-चमच्यातल्या काट्यासारखे दाते पाडले. आत ताण राहिला असेल तर दाते एकमेकांकडं वळतात. मामांनी तो तुकडा उन्हाकडं धरून बघितला. दाते सरळ होते. त्यांनीच पहिली फळी रंध्यावर घेतली.