फिन न पाठवता गेलेले माग

एप्रिलातली दुपार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून मालकांचा फोन आला, "साहेब, तुमचा बोर्ड परत मेलाय." तिथल्या ४८ यंत्रमागांवर आम्ही छोटी उपकरणं बसवली होती. दर ३० सेकंदांनी ती ऑफिसातल्या सर्व्हरला उत्पादनाचा आकडा पाठवायची, तोच बोर्डावर दिसायचा. दोन महिन्यांतला हा तिसरा फोन. आधी दोनदा मी घरूनच सर्व्हर रीस्टार्ट करून गप्प बसलो होतो.

या वेळी मात्र गाडी काढली. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एकच रडगाणं, 'टू मेनी ओपन फाइल्स', फार फाइल्स उघड्या आहेत. लिनक्सवर एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, सहसा १०२४ फाइल्सची मर्यादा असते आणि सॉकेटही, म्हणजे नेटवर्क कनेक्शनची टोकंही, त्यातच मोजले जातात. पण माग तर ४८! उघडी कनेक्शनं दाखवणारी 'एसएस' कमांड मारली. ३७ नंबरच्या मागाचा तोच आयपी पत्ता एकवीस वेळा, पोर्ट (कनेक्शनचा दार-नंबर) तेवढा दरवेळी वेगळा, आणि सगळे 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे जोडलेलेच. बाकीच्या मागांचंही तेच. एकवीस गुणिले ४८ म्हणजे १००८. उरलेल्या सोळा जागा लॉग, डेटाबेस वगैरेंनी खाल्लेल्या.

शेजारी जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे मामा उभे होते. "मामा, गेल्या तीन आठवड्यांत इथं वीस-एकवीस वेळा काय झालं असेल?"

"लाइट गेली असंल की. उन्हाळा हाय, दिवसातनं एकदा जातीच."

डोक्यात लख्ख झालं. टीसीपीत, म्हणजे उपकरण आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात, निघणारा 'फिन' हा खुणेचा संदेश पाठवून निरोप घेतो. लाइट गेल्यावर उपकरण कसला निरोप घेणार? ऑफिस इन्व्हर्टरवर, त्यामुळे सर्व्हरला काही कळलंच नाही. शिवाय तो नुसता ऐकायचा. एक अक्षर जरी उलट पाठवलं असतं, तरी नव्यानं उठलेल्या उपकरणानं 'रीसेट', म्हणजे 'हे कनेक्शन मला माहीत नाही' असं उत्तर देऊन ते जुनं कनेक्शन मोडलं असतं. कीप-अलाइव्ह, म्हणजे गप्प कनेक्शनला 'आहेस का?' असं विचारणं, मी चालूच केलं नव्हतं. केलं असतं तरी लिनक्सची पहिली विचारणा दोन तासांनी होते.

९० सेकंद काही आलं नाही तर सॉकेट बंद, असा टाइमआउट घातला. ते करताना आणखी एक लाज सापडली: समोरून व्यवस्थित फिन आला तरी माझा कोड लूपमधून बाहेर पडायचा, पण 'क्लोज' म्हणायचाच नाही. असे दोन-तीन सॉकेट 'क्लोज-वेट'मध्ये, म्हणजे माझ्या बाजूनं बंद होण्याची वाट बघत, लोंबकळत होते.

पाळी बदलताना मामांना मेन स्विच पाडायला सांगितलं. खडखडाट थांबला, कान सुन्न. मिनिटभर उघड्या कनेक्शनांचा आकडा ४८ वरच. मग शेवटचा संदेश ज्याचा आधी आला होता तो आधी, असे एकेक गळायला लागले. सगळ्यात शेवटी ३७ नंबर गेला.

"त्यो माग तसाबी हट्टीच हाय," म्हणत मामांनी स्विच वर केला.